दऱ्यांचा दर्या होऊ नये म्हणून

‘दऱ्या’ हा शब्द संगणकावर दोन प्रकारे लिहिता येतो. पहिल्या प्रकारात युनिकोडमधला स्वतंत्र ‘ऱ’ घ्यायचा, त्याचा पाय मोडायचा आणि पुढे ‘या’ जोडायचा. दुसऱ्या प्रकारात नेहमीचाच ‘र’ घ्यायचा, पाय मोडायचा आणि ‘या’च्या आधी ‘शून्य रुंदीचा जोडक’ नावाचे एक चिन्ह घालायचे. हा जोडक पडद्यावर दिसत नाही, कागदावर उमटत नाही. इथे रफार नको, अर्धा ‘र’ हवा, एवढेच तो संगणकाला सांगतो. डोळ्यांना दोन्ही शब्द सारखेच दिसतात. संगणकाला मात्र ते वेगवेगळे वाटतात आणि युनिकोडच्या समानीकरणाच्या नियमांतही ते एक धरलेले नाहीत. आता अशी कल्पना करा की विकिपीडियासारख्या संकेतस्थळाचे सॉफ्टवेअर कोरी पाटी घेऊन पुन्हा लिहायला एक हुशार प्रोग्रामर बसला आहे. त्याने ठरवले की लेखांच्या शीर्षकांत न दिसणारी चिन्हे चालणार नाहीत. विचार वाईट नाही. अशी चिन्हे घुसडून दुसऱ्याच्या नावासारखे दिसणारे नाव घेता येते आणि ती फसवणूक थांबवायलाच हवी. त्याने एका ओळीच्या कोडने सगळी अदृश्य चिन्हे गाळून टाकली. दुसऱ्या प्रकारे लिहिलेल्या ‘दऱ्या’ तेवढ्याने ‘दर्या’ झाल्या. सह्याद्रीतला वाचक पाऊल टाकायला गेला आणि थेट अरबी समुद्रात पडला.

उदाहरण कल्पित आहे. त्यामागची अडचण नाही. हजारो लोक मिळून लिहितात अशा संकेतस्थळाचे सॉफ्टवेअर जुने झाले की ते पाडून नव्याने बांधायचे की डागडुजी करत राहायचे, हा प्रश्न हटकून येतो. बहुधा तो इमारतीच्या भाषेतच मांडला जातो, कारण पुनर्विकासाचे वाद आपल्या ओळखीचे आहेत. पण इथे एक फरक आहे. चाळीतले भाडेकरू फार तर पोटमाळा काढतात किंवा गॅलरी बंद करून घेतात. खांब आणि तुळया त्यांनी उभारलेल्या नसतात. सहयोगी संकेतस्थळावर वापरणारे लोक स्वतःच तुळया टाकतात. त्यांनी लिहिलेला मजकूर, मजकुरात पेरलेल्या खुणा, तयार केलेले साचे, रात्रंदिवस फेऱ्या मारणारे सांगकामे (बॉट), एकमेकांत ठरलेले संकेत, हे सगळे मिळून ते संकेतस्थळ चालते आणि प्रोग्रामरने लिहिलेला कोड हा त्यातला फक्त एक हिस्सा असतो. हा हिस्सा पुन्हा लिहिता येईल. उरलेल्याचा मालक कोणी एक नाही आणि तो पुन्हा लिहून मागायचा कोणाकडे, हेही ठाऊक नसते. म्हणून माझे म्हणणे असे की नवे लेखन परवडेल की नाही, हे कोड किती वाईट आहे यावर ठरत नाही. वापरणाऱ्यांनी त्या कोडवर किती भार टाकला आहे, यावर ते ठरते.

विकिपीडियाचाच इतिहास पाहू. विकी ही कल्पना वॉर्ड कनिंगहॅमची. १९९५ साली त्याने पहिले विकी सुरू केले. होनोलुलूच्या विमानतळावरच्या ‘विकी विकी’ बसवरून, म्हणजे ‘झटपट’ या अर्थाच्या हवाईयन शब्दावरून, त्याने हे नाव घेतले. १५ जानेवारी २००१ रोजी विकिपीडिया सुरू झाला तो क्लिफर्ड अॅडम्सच्या ‘यूजमॉडविकी’ या पर्ल भाषेतल्या प्रोग्रामवर. त्यात डेटाबेस नव्हता, पाने साध्या फायलींत राहत. दुवा द्यायचा तर दोन शब्द चिकटवून प्रत्येकाचे पहिले अक्षर मोठे लिहायचे. मोठी-लहान अक्षरेच नसलेल्या देवनागरीत ही युक्ती चालणेच शक्य नव्हते. सुदैवाने दुहेरी चौकटी कंसांचे दुवे लवकरच आले. वाचक वाढले तसा फायलींचा संसार पुरेना. तेव्हा माग्नुस मान्स्के या जीवशास्त्राच्या जर्मन विद्यार्थ्याने पीएचपी ही भाषा आणि मायएसक्यूएल हा डेटाबेस वापरून नवा प्रोग्राम लिहिला आणि २५ जानेवारी २००२ रोजी इंग्रजी विकिपीडिया त्यावर गेला. तोही काही महिन्यांत धापा टाकू लागला. मग ली डॅनियल क्रॉकरने पुन्हा सगळे लिहिले आणि जुलै २००२मध्ये ते चालू झाले. यालाच पुढे ‘मीडियाविकी’ हे नाव मिळाले. मराठी विकिपीडिया २००३च्या मे महिन्यात सुरू झाला. म्हणजे विकिपीडियाच्या पहिल्या दीड वर्षात दोनदा पाडापाडी झाली, आणि त्यानंतर आजवर एकदाही नाही.

नव्याने लिहिण्याचे समर्थक या इतिहासाकडे बोट दाखवून म्हणतील की विकिपीडियाचेच दोनदा भले झाले ना! झाले, आणि ते नाकारण्यात अर्थ नाही. पण कोणत्या परिस्थितीत झाले ते पाहा. २००२च्या सुरुवातीला इंग्रजी विकिपीडियावर वीसेक हजार लेख होते, नेमाने लिहिणारे लोक एकमेकांना नावाने ओळखत होते आणि दुखणे काय आहे हे नेमके माहीत होते: सर्व्हर हळू चालत होता. शिवाय दोन्ही वेळा एक गोष्ट जवळपास जशीच्या तशी ठेवली गेली, ती म्हणजे पानांचा मजकूर लिहिण्याची पद्धत. चौकटी कंस तसेच राहिले, ठळक आणि तिरप्या ठशाच्या खुणा त्याच राहिल्या. बदलले ते यंत्र. लोकांनी लिहिलेले तसेच राहिले. आणि एवढ्या अनुकूल परिस्थितीतही किंमत मोजावी लागलीच. यूजमॉडविकी जुन्या आवृत्त्या काही काळाने काढून टाकत असे, त्यामुळे पहिल्या वर्षातला बराच इतिहास मुळातच तुटका होता आणि स्थलांतरात तो आणखी विस्कटला. इंग्रजी विकिपीडियावरच्या अनेक जुन्या लेखांचा इतिहास उघडला तर तळाशी फेब्रुवारी २००२ची एक नोंद दिसते. ती ‘कन्व्हर्जन स्क्रिप्ट’ नावाच्या सदस्याची आहे आणि शेरा आहे ‘आपोआप रूपांतर’. हा सदस्य माणूस नव्हे, मजकूर नव्या घरात हलवणारा एक छोटा प्रोग्राम. ज्याने त्याने लिहिलेल्या मजकुराचे श्रेय ज्याला त्याला देणे ही परवान्याची अट असलेल्या प्रकल्पात लेखकाच्या जागी सामान हलवणाऱ्याचे नाव लागावे, ही छोटी गोष्ट नाही. पहिल्या महिन्यांतल्या संपादनांची एक जुनी प्रत २०१०च्या डिसेंबरात मीडियाविकीचा प्रोग्रामर टिम स्टार्लिंग याला सापडली. ती सापडली नसती तर तो काळ कायमचा पुसला गेला असता.

जुन्या कोडवरचा सगळ्यात जुना आरोप असा की तो कुरूप आहे, त्यात ठिकठिकाणी ठिगळे आहेत. एक ठिगळ जवळून पाहू. विकीच्या मजकुरात दोन अपॉस्ट्रॉफी लागोपाठ दिल्या की पुढचा शब्द तिरपा होतो, तीन दिल्या की ठळक. नियम सोपा आहे. आता फ्रेंच माणूस येतो. त्याच्या भाषेत ‘ल’ला अपॉस्ट्रॉफी जोडून पुढचा शब्द लिहितात, आणि त्याला तो पुढचा शब्द तिरपा करायचा आहे. म्हणजे शब्दाची एक अपॉस्ट्रॉफी आणि तिरप्या ठशाच्या दोन, मिळून तीन. यंत्र म्हणते, ठळक! पण पुढे बंद करताना दोनच येतात आणि हिशेब जुळत नाही. मीडियाविकीच्या कोडमध्ये यासाठी एक मजेशीर तुकडा आहे. एका ओळीत ठळक आणि तिरप्या या दोन्ही प्रकारच्या खुणा विषम निघाल्या, तर तो असे धरतो की तीन अपॉस्ट्रॉफींच्या एखाद्या जागी पहिली अपॉस्ट्रॉफी शब्दाचीच असावी. ती जागा कोणती? जिच्या आधी एकाच अक्षराचा शब्द आहे ती. तशी नसेल तर जिच्या आधी लांब शब्द आहे ती. तीही नसेल तर जिच्या आधी मोकळी जागा आहे ती. नक्की काय ते कळणे शक्य नाही, हा अंदाज आहे, असे कोडमध्येच शेजारी लिहून ठेवले आहे. कोरी पाटी घेऊन बसलेल्याला हा सगळा अडाणीपणा वाटेल. पण फ्रेंच लिहिणाऱ्यांच्या सवयीबद्दलचे ते साठलेले ज्ञान आहे, आणि ते दुसरीकडे कुठेही लिहिलेले नाही. विकीच्या मजकुराचे औपचारिक व्याकरण पहिल्या दिवसापासून कधी लिहिलेच गेले नव्हते. ‘हा प्रोग्राम जे दाखवतो ते बरोबर’ हेच व्याकरण. अशा वेळी प्रोग्राम टाकून देणे म्हणजे कोश आणि व्याकरण दोन्ही एकदम रद्दीत देणे.

साच्यांची गोष्ट याहून पुढची. एकच मजकूर अनेक पानांवर वापरता यावा म्हणून साचे आले. लोकांनी मात्र त्यांत प्रोग्रामिंग सुरू केले. ‘अमुक माहिती दिली असेल तर ही ओळ दाखव, नाहीतर दाखवू नकोस’ अशी अट घालण्याची सोय नसताना साच्यांच्या खाचाखोचा वापरून इंग्रजी विकिपीडियावर लोकांनी ती तयार केली. सर्व्हरची दमछाक होऊ लागली. शेवटी २००६मध्ये स्टार्लिंगने अटींची अधिकृत सोय करून दिली. त्यावर लोकांनी आणखी मजले चढवले आणि २०१३मध्ये लुआ ही खरीखुरी प्रोग्रामिंग भाषाच साच्यांना द्यावी लागली. आता सांगा, हे सॉफ्टवेअर कोणी लिहिले? मराठी विकिपीडियावर एखाद्या गावाच्या लेखात उजवीकडे जी माहितीचौकट दिसते, ती कोणत्याही पगारी प्रोग्रामरने काढून दिलेली नाही. नव्या लेखनाच्या अंदाजपत्रकात हे काम कधीच धरलेले नसते, कारण ते कंपनीच्या कोडमध्ये सापडत नाही, पानांमध्ये सापडते.

या वादात एक जुना दाखला नेहमी निघतो. जोएल स्पोल्स्की या प्रोग्रामरने एप्रिल २०००मध्ये एक लेख लिहून बजावले की चालता कोड टाकून पुन्हा पहिल्यापासून लिहिणे ही कंपनीने करू नये अशी सर्वांत मोठी चूक आहे. समोर उदाहरण होते नेटस्केपचे. नेटस्केपने १९९८मध्ये आपल्या ब्राउझरचा कोड खुला केला आणि त्याच वर्षी तो बाजूला ठेवून नवा लिहायचा निर्णय घेतला. पाचवी आवृत्ती आलीच नाही. सहावी आली ती नोव्हेंबर २०००मध्ये, अर्धीकच्ची. मधल्या काळात मायक्रोसॉफ्टने मैदान मारले होते. यावर उलट बाजू म्हणते की त्याच नव्या कोडमधून पुढे फायरफॉक्स निघाला आणि त्याने मायक्रोसॉफ्टला घाम फोडला. हेही खरे आहे. मात्र फायरफॉक्सची पहिली आवृत्ती नोव्हेंबर २००४ची, आणि नेटस्केपचा चमू त्याच्या आदल्याच वर्षी मोडीत निघाला होता. झाड लावणाऱ्याला फळ मिळाले नाही, दुसऱ्याला मिळाले. पण माझ्या मते हा दाखला दोन्ही बाजूंनी थोडा चुकीचाच वापरला जातो. ब्राउझरमध्ये लोकांचे लिखाण साठत नाही. पाने बाहेर, हजारो सर्व्हरांवर असतात. नवा ब्राउझर आला की तो तीच पाने वाचतो. नेटस्केपने वेळ गमावला, बाजार गमावला, पण कोणाचा लेख गमावला नाही. सहयोगी संकेतस्थळाचा धोका याहून खोल आहे.

तो धोका पाहायचा तर डिग्ग या संकेतस्थळाकडे पाहावे. लोकांनी बातम्यांचे दुवे द्यायचे, इतरांनी मते देऊन ते वर चढवायचे किंवा खाली गाडायचे, असा तो खेळ होता. ऑगस्ट २०१०मध्ये डिग्गने चौथी आवृत्ती आणली. आतली यंत्रणा नवी होती. मायएसक्यूएल सोडून कॅसँड्रा हा तेव्हा नवखा असलेला डेटाबेस घेतला होता. सुरुवातीला संकेतस्थळ वारंवार कोलमडले. लोक तेही सहन करतात. त्यांनी सहन केले नाही ते वेगळेच. खाली गाडण्याचे बटण गायब होते आणि प्रकाशनसंस्थांचे दुवे आपोआप आत येत होते. वर्षानुवर्षे जमलेला मंडळींचा व्यवहार एका रात्रीत निरर्थक झाला. रागावलेल्या सदस्यांनी डिग्गच्या मुखपृष्ठावर प्रतिस्पर्धी रेडिटचे दुवे चढवले आणि मग तिकडेच मुक्काम हलवला. जुलै २०१२मध्ये डिग्गचे नाव, संकेतस्थळ आणि तंत्रज्ञान सुमारे पाच लाख डॉलरला विकले गेले. फक्त कोड बदलला म्हणून हे झाले असे म्हणणे चूक ठरेल. पण सगळे एकदम बदलण्याचा बेत असला की ‘हेही जाता जाता सुधारून घेऊ’ असा मोह सुटत नाही. संगणकतज्ज्ञ फ्रेड ब्रूक्सने १९७५मध्येच या मोहाला ‘दुसऱ्या प्रणालीचा दोष’ म्हटले होते: पहिल्या वेळी आवरलेल्या सगळ्या हौशी माणूस दुसऱ्या वेळी फेडून घेतो.

यावर प्रामाणिक प्रोग्रामरचा एक आक्षेप उरतो आणि तो वजनदार आहे. जुन्या कोडला हात न लावण्याच्या नावाखाली तो कुजत ठेवायचा का? नवे लोक तो वाचायला तयार नसतात, खालची भाषा आणि उसने घेतलेले तयार कोड कालबाह्य होतात, सुरक्षेची भोके वाढतात. आक्षेप मान्य, निष्कर्ष नाही. मीडियाविकीत गेल्या वीस वर्षांत काय काय बदलले ते पाहिले तर ‘न पाडणे’ आणि ‘न बदलणे’ यांतला फरक दिसतो. इंग्रजी विकिपीडिया सुरुवातीला लॅटिन अक्षरांपुरत्या मर्यादित संकेतनावर होता. २००५मध्ये तो युनिकोडवर आला. त्या वेळी जुन्या लक्षावधी आवृत्त्या उलथ्यापालथ्या केल्या नाहीत. नव्या मजकुरावर खूण केली, आणि ज्या आवृत्तीवर खूण नाही ती वाचताना तेवढ्यापुरती बदलून दाखवायची असे ठरवले. घर बदलले, पण ट्रंका न उघडता. २०१४मध्ये कोड चालवणारे इंजिनच बदलून एचएचव्हीएम आणले आणि २०१९मध्ये ते सोडून पुन्हा पीएचपीच्या नव्या आवृत्तीवर आले. वाचकाला यातले काही कळलेसुद्धा नाही. प्रोग्रामर मार्टिन फाउलरने २००४मध्ये हळूहळू बदलण्याच्या या रीतीला ऑस्ट्रेलियातल्या एका अंजीरवर्गी वृक्षाचे नाव दिले; तो दुसऱ्या झाडावर रुजतो, मुळे खाली सोडतो आणि हळूहळू त्याची जागा घेतो. ताडाच्या शेंड्यात रुजलेला वड पाहिलेल्यांना हे वेगळे समजवायला नको.

पण वडाला वेळ लागतो, आणि तेवढा काळ दोन्ही झाडांना पाणी घालावे लागते. हा खर्च हळू बदलाचे समर्थक सहसा सांगत नाहीत. मजकुराचे पानात रूपांतर करणारा जो पार्सर, त्यालाच पर्याय म्हणून ‘पार्सॉइड’चे काम २०११-१२च्या सुमारास सुरू झाले. खुणा न शिकता थेट पानावर लिहिता यावे, यासाठी तो हवा होता. अट मोठी चमत्कारिक होती. मजकुराचे पान करायचे, संपादकाने एक शब्द बदलला की पानाचा पुन्हा मजकूर करायचा, आणि ज्या भागाला हात लावला नाही तो अक्षरशः जसाच्या तसा परत आला पाहिजे, मोकळ्या जागांसकट. नाहीतर एका शब्दाच्या दुरुस्तीत पन्नास ओळी बदललेल्या दिसतील आणि पहारा देणाऱ्यांना कळणारच नाही की नेमके काय बदलले. जुलै २०१३मध्ये इंग्रजी विकिपीडियावर थेट पानावर लिहिण्याचे हे नवे साधन सर्व सदस्यांना आपोआप दिले गेले, तक्रारींचा पाऊस पडला आणि सप्टेंबरात ते पुन्हा ‘हवे असेल तर घ्या’ असे झाले. पार्सॉइड आधी जावास्क्रिप्टमध्ये होता. २०१९मध्ये तो पीएचपीत आणला, म्हणजे पर्यायाचेच पुन्हा लेखन झाले. काम सुरू होऊन दहा वर्षे उलटल्यावरही वाचकाला दिसणारी पाने जुना पार्सरच तयार करत होता. एका भागाची ही कथा असेल तर सगळे एकदम पाडले असते तर काय झाले असते, असे मी म्हणेन. तुम्ही म्हणाल, दहा वर्षे दोन पार्सर पोसणे हीसुद्धा उधळपट्टीच. मला ते खोडता येत नाही. एवढेच म्हणतो की या उधळपट्टीत कोणाचे लिखाण गेले नाही आणि कोणत्याही दिवशी मागे फिरण्याची वाट बंद झाली नाही. सप्टेंबर २०१३मध्ये मागे फिरता आले ते त्यामुळेच.

म्हणजे नव्याने लिहूच नये का? लिहावे, पण लवकर. रेडिट जून २००५मध्ये लिस्प भाषेत सुरू झाले आणि त्याच वर्षी डिसेंबरात ते पायथनमध्ये पूर्ण नव्याने लिहिले गेले. काहीही बिघडले नाही, कारण सहा महिन्यांत त्यावर फार काही चढलेच नव्हते. असा निर्णय समोर असेल त्याने सर्व्हरच्या नोंदी पाहण्याआधी पाने पाहावीत. साच्यांत किती तर्क दडला आहे? आपल्या परवानगीशिवाय किती सांगकामे कामाला लागले आहेत? बाहेरून किती दुवे येतात आणि ते नव्या पत्त्यावर पोहोचतील का? एखादे पान जुन्या आणि नव्या दोन्ही यंत्रांतून काढून शेजारी शेजारी ठेवले तर फरक कोण तपासणार? आणि त्यात मराठी, उर्दू, थाई वाचता येणारे कोणी असेल का? शेवटचा प्रश्न सहसा विचारलाच जात नाही.

मीडियाविकीतल्या एका बदलात मात्र तो विचारला गेला. लोकांनी लिहिलेल्या एचटीएमएलमधल्या चुका ‘टायडी’ नावाचा नव्वदच्या दशकातला एक प्रोग्राम मुकाट्याने दुरुस्त करत असे. कोणी खूण उघडून बंद करायला विसरले की तो बंद करून टाकी. त्यामुळे चुका दिसत नसत आणि म्हणून त्या वर्षानुवर्षे साचत गेल्या. टायडी काढून आजच्या प्रमाणाप्रमाणे चालणारा नवा प्रोग्राम बसवायचा, तर या सगळ्या चुका एकाच दिवशी उघड्या पडल्या असत्या: कुठे तक्ता विस्कटला असता, कुठे अख्खे पान बारीक अक्षरांत गेले असते. तेव्हा आधी एक शोधक लिहिला गेला. कोणत्या पानावर कोणती खूण चुकली आहे, याच्या याद्या त्याने प्रत्येक विकीवर प्रकारवारीने लावल्या. त्या तिथल्याच लोकांनी, आपापल्या लिपीत, आपापल्या साच्यांत शिरून निपटायच्या होत्या. बहुतेक वेळा एक साचा नीट केला की त्यावर अवलंबून असलेली शेकडो पाने यादीतून गळत. तयारी होत गेली तसतशी एकेक विकी नव्या प्रोग्रामवर गेले, आणि जुलै २०१८मध्ये शेवटच्या विकींवरूनही टायडी उतरवला गेला.